मातीतली पहिली राईड: सायकल, ग्रुप आणि टेकडी, नव्याने सुरू करणाऱ्या बायकांसाठी

डांबरी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या बायका पुण्यात आता बऱ्याच दिसतात, रविवारी सकाळी खडकवासल्याच्या किंवा सिंहगडाच्या रस्त्याला गेलं की कळतंच. पण डांबर संपून माती सुरू झाली, वेताळ टेकडी म्हणा, बाणेर-पाषाणच्या मागच्या वाटा म्हणा, कानिफनाथच्या बाजूचे कच्चे रस्ते म्हणा, की त्या एकदम कमी होतात. लोक म्हणतात बायकांना भीती वाटते. मला हे पटत नाही. ज्या थोडे दिवस येऊन थांबल्या त्यांच्याशी बोललं की कारणं फार साधी निघतात: सायकल मापाची नव्हती, ग्रुप पुढे निघून गेला, चार-पाच तास बाथरूमची सोय नव्हती, आणि रविवारी सकाळीच घरात सगळी कामं. यातलं प्रत्येक कारण दूर करता येतं, काही आपण करायची, काही ग्रुप चालवणाऱ्यांनी. म्हणून मातीतल्या सायकलिंगबद्दल, म्हणजे माउंटन बायकिंगबद्दल, जेवढं माहिती आहे ते क्रमाने लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण "हा मुळात पुरुषांचा खेळ" असं कोणी ना कोणी ऐकवतंच. माउंटन बायकिंग कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात आकाराला आलं, जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन काही मंडळी डोंगर उतरायची, १९७६ ला तिथल्या रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. त्या टोळीत वेंडी क्रॅग होती, स्वतः सायकल चालवायची आणि फोटोही काढायची, आज त्या दिवसांचे जे फोटो जग बघतं त्यातले कितीतरी तिचेच आहेत. मग जॅकी फेलन आली, १९८३ ते ८५ सलग तीन वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय विजेती, आणि तिने त्याच दशकात बायकांचा स्वतंत्र क्लब काढला, वॉम्बॅट्स नावाचा, नवीन बायकांना शिकवायला. ऑलिंपिकमधे हा खेळ १९९६ ला अटलांटात आला तेव्हा पहिल्याच वर्षी पुरुष आणि महिला दोघांची शर्यत होती. आणि तरी रेड बुल रॅम्पेज, युटाच्या कड्यांवरची सगळ्यात अवघड स्पर्धा, २००१ ला सुरू झाली आणि महिलांचा गट यायला २०२४ उजाडलं, तो न्यूझीलंडच्या रॉबिन गूम्सने जिंकला. म्हणजे बायका पहिल्यापासून आहेत, दारं मात्र एकेक करून उघडावी लागली. आपल्याकडे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर माउंटन बायकिंगमधे पदकं मिळवलीत, तिचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या वेळी कोणी तो मुद्दा काढला की सांगायला.

पायरी १: सायकल, आणि तीही लगेच विकत नको

शक्य असेल तर पहिले एक-दोन महिने कोणाची तरी मापाची सायकल वापरा किंवा भाड्याने घ्या. घ्यायचीच असेल तर नवीन माणसाला हार्डटेल पुरते, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन आणि मागे कडक फ्रेम. पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या स्वस्त सायकली दिसायला भारी असतात पण वजनाने फार जड आणि चढावर ताकद नुसती स्प्रिंगमधे जाते, त्या घेऊ नका. बजेट कमी असेल तर पैसे आधी ब्रेकवर खर्च करा, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत, कारण लांब उतारावर वायरचे ब्रेक दाबून दाबून बोटं दुखतात आणि लहान हाताला ते जास्तच जाणवतं.

आता मापाचं. दुकानात मीडियम पडून असते आणि पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला "मीडियम चालेल, सीट खाली करून देतो" म्हणून ती गळ्यात मारतात. सीट खाली केल्याने पायाचं माप बसतं, हाताचं बसत नाही. हँडल लांबच राहतं, खांदे ताणले जातात, उतारावर अंग मागे घ्यायला जागाच उरत नाही आणि मग बाईला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. तुमच्या उंचीला स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल लागत असेल तर तीच मागा, थांबावं लागलं तरी थांबा. दुकानातच फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकून वरच्या दांडीपासून दोन इंच तरी मोकळी जागा हवी.

पायरी २: सायकल आपल्या अंगाला बसवून घ्या

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कंपनीतून सायकली साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोचा पुरुष डोक्यात ठेवून सेट होऊन येतात आणि हे नवीन बाईला कोणी सांगत नाही.

सीटची उंची: टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक येतो, तेवढाच हवा. उतार आला की मात्र सीट खाली घ्यायची, थांबून क्विक रिलीज, म्हणजे सीटखालची पकड सैल करायची दांडी, उघडून घेतली तरी चालेल, ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच खाली-वर होणारा सीटचा खांब) असेल तर बटणावर होतं.

ब्रेक लिव्हर: लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक वेळा दोन किंवा अडीच एमएमची एलन की लागते, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. हाताचा पंजा ग्रिपवरून न सरकवता फक्त पहिलं बोट लिव्हरवर पोचलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे आणि उतारावरची निम्मी भीती यानेच जाते, मी अतिशयोक्ती करत नाहीये.

फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन: हवेचा असेल तर शॉक पंप लागतो, साधा पंप चालत नाही. सायकलवर बसल्यावर फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या वीस-पंचवीस टक्के खाली दबला पाहिजे, म्हणजे १०० एमएमचा फोर्क २० ते २५ एमएम. फोर्कवर रबरी रिंग असते तिच्यावरून मोजता येतं. पन्नास किलोची बाई पंच्याहत्तर किलोच्या हवेवर चालवत असेल तर तो फोर्क हलतच नाही, सगळे दगड मनगटात येतात.

टायरची हवा: पंक्चरवाला ठोकून पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतो, डांबरावर ठीक आहे, मातीत सायकल उडत राहते. ट्यूबवाल्या सव्वादोन इंची टायरला पंचावन्न-साठ किलो वजनाला २५ ते २८ पासून सुरू करा. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममधे चिमटते, तेव्हा एक-दोन पीएसआयने वरखाली करत आपला आकडा शोधा आणि लिहून ठेवा.

सीट: याबद्दल बायका गप्प बसतात आणि सहन करतात. दुखणं, बधिर होणं, साल जाणं हे "सवय होईल" म्हणून सोडून द्यायचं नाही. गुबगुबीत रुंद सीट हा उपाय नाही, अर्ध्या तासाने ती जास्त घासते. बुडाच्या दोन हाडांमधलं अंतर महत्त्वाचं, घरी पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, दोन खळगे पडतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि दुकानात ते माप सांगून सीटची रुंदी विचारा. पुढे बधिर होत असेल तर सीटचं नाक अगदी किंचित खाली करून बघा, मधे खाच असलेली सीट बघा.

पायरी ३: कपडे आणि बाकी सामान

हेल्मेट पहिलं, मागून डोक्याचा खालचा भाग झाकणारं, भुवयांच्या वर दोन बोटांएवढी जागा सोडून सरळ बसणारं. वेणी किंवा पोनी खाली मानेजवळ बांधा, उंच बांधली की हेल्मेट पुढे ढकललं जातं. त्यानंतर पूर्ण बोटांचे ग्लव्हज, मग गुडघ्याचे पॅड, पॅड घातले की मन मोकळं होतं आणि शिकणं लवकर होतं. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही, शिवणी घासतात, आणि राईड संपली की लगेच बदलायचे. वरून ढगळ शॉर्ट्स, लेगिंग, ट्रॅक पँट, फुल बाह्या, जे सोयीचं वाटेल ते घाला, फक्त उजव्या पायाची मोहरी चेनमधे जाणार नाही एवढं बघा. कोणी कपड्यांवर बोललं, कमी आहेत म्हणून किंवा जास्त आहेत म्हणून, तर तो ग्रुप आपला नाही.

पायरी ४: टेकडीच्या आधी मैदान

सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेचं मैदान पुरतं. दोन्ही पेडल समान पातळीवर ठेवून सीटवरून उठा, गुडघे आणि कोपरं वाकलेली, नजर पुढे पाच-सहा मीटरवर, चाकाकडे नाही. याच पोझिशनमधे सगळं माउंटन बायकिंग होतं, तेव्हा कंटाळा येईपर्यंत करा. मग दोन्ही ब्रेक एकत्र, हळू हळू दाबत थांबणं. "पुढचा ब्रेक मारू नको, पलटी होशील" हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं पण थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमधे आहे, एकदम करकचून न मारता, अंग थोडं मागे घेऊन, दाबत न्यायचा. मग वळणं, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि नजर जिथे जायचंय तिथे. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाका, जोर लावून टाकला की चेन करकरते.

आणि उतरण्याचा सराव करा. चढावर सायकल थांबली तर वरच्या बाजूचा पाय टेकवायचा, खालच्या बाजूचा टेकवला तर अंग घरंगळतं. पुन्हा सुरू करताना सरळ वर न जाता थोडं आडवं निघायचं. उतरून ढकलत नेणं हा या खेळाचा भागच आहे, मोठमोठे रायडरही नेतात.

आपल्याकडच्या मातीचं एक सांगते. दख्खनचा मुरुम ऑक्टोबरनंतर वाळला की उतारावर मोहरी सांडल्यासारखा पायाखालून पळतो, तिथे वळणात ब्रेक मारला की चाक गेलंच, ब्रेक वळणाच्या आधी उरकायचा आणि वळणात सोडून द्यायचा. पावसाळ्यात उलट, चिकण माती टायरला आणि फोर्कला थापली जाते, चाक फिरत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर कुठलाच टायर धरत नाही. शिकायला दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात छान, सकाळी थंड, वाटा कोरड्या.

पायरी ५: ग्रुप कसा ओळखायचा

इथेच सगळं ठरतं. ग्रुपमधे किती बायका आहेत ते बघू नका, राईडचा मेसेज वाचा. चांगल्या मेसेजमधे किती किलोमीटर, किती मीटर चढ, रस्ता कसा, परत किती वाजता, पाणी आणि बाथरूम कुठे, आणि शेवटच्या माणसाबरोबर कोण थांबणार हे सगळं लिहिलेलं असतं. "मजा येणार, सगळे या" एवढाच मेसेज असेल तर विचारा, तुमच्या प्रश्नाला ज्या सुरात उत्तर येतं त्यावरून ग्रुप कळतो.

मग पहिल्या राईडला एक गोष्ट बघा. चढ संपल्यावर पुढचे लोक माथ्यावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि शेवटची बाई धापा टाकत पोचली की "आलीस? चला" म्हणून निघतात. म्हणजे जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज तिलाच शून्य मिनिटं. कोणी वाईट हेतूने करत नाही पण दोन चढ असे झाले की ती दमून पडते आणि पुढच्या रविवारी येत नाही. चांगला लीडर पाच मिनिटं मोजायला सुरुवात शेवटचा माणूस पोचल्यावर करतो.

दुसरं, अवघड तुकडा आला की काय बोलतात ते ऐका. "चल गं, काही होत नाही" हे प्रोत्साहन नाही. "इथे डावीकडची लाईन सोपी आहे, नाही जमली तर ढकलत ने, मी खाली उभा आहे" हे प्रोत्साहन. तिसरं, न विचारता सायकलला हात लावणारे, चढावर पाठीला हात लावून ढकलणारे. एकदा स्पष्ट सांगा, "नको, लागलं तर मी सांगेन." ऐकलं तर उत्तम, हसण्यावारी नेलं तर पुढच्या वेळी दुसरा ग्रुप. आणि फोटो, पडल्याचे, मागून काढलेले, न विचारता ग्रुपवर टाकलेले, हे चालवून घेऊ नका.

फक्त बायकांची राईड असते ती सुरुवातीला फार उपयोगी पडते, कारण तिथे सीट दुखते हे मोठ्याने बोलता येतं आणि पाचवेळा तोच उतार करून बघायला कोणाची घाई नसते. जवळपास नसेल तर तिघीजणी मिळून सुरू करा, तीन पुरतात, एकीला लागलं तर एक थांबते आणि एक मदत आणते.

पायरी ६: प्रत्यक्ष पहिली राईड

दहा-बारा किलोमीटर, दिवसाउजेडी, आधी पायी फिरून आलेली वाट. टेकड्यांवर वनखात्याच्या वेळा आणि नियम असतात, फाटकावरचा बोर्ड वाचा, सायकलला बंदी असेल तर तिथे जाऊ नका. चालणाऱ्यांना आधी वाट, बेल वाजवून, वेग कमी करून, आजी-आजोबांना दचकवायचं नाही. कासच्या पठारासारख्या फुलांच्या जागी सायकल घालायची नाही, रस्त्यावरच ठेवायची.

पाणी प्या. बाथरूम नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते, डोकं दुखतं, नंतर जळजळ आणि इन्फेक्शन. निघण्याआधी कुठे थांबता येईल ते ठरवून घ्या, पेट्रोल पंप, ओळखीचं हॉटेल, गावातलं मंदिराजवळचं शौचालय, आणि उघड्यावर जायची वेळ आली तर एक मैत्रीण वाटेवर उभी राहील हे आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी संकोच होतो. टिश्यू आणि एक झिप पिशवी जवळ ठेवा, वापरलेलं सगळं परत घेऊन या. पाळीत चालवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, चालवणार असाल तर पॅड आणि पॅडेड शॉर्ट्स एकमेकांवर घासतात, ज्यांना जमतो त्यांना कप सोपा पडतो.

घरच्या एकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन आठ तासांसाठी देऊन ठेवा, पण दरीत नेटवर्क जातं म्हणून परत यायची वेळही सांगा. अडचणीला ११२. स्ट्राव्हा, म्हणजे राईड नोंदवायचं अ‍ॅप, वापरत असाल तर सेटिंगमधे जाऊन घराजवळचा नकाशा लपवा, नाहीतर तुम्ही कुठून किती वाजता निघता हे कोणालाही दिसतं.

कुत्री: दिवाळीनंतर धनगरांचे कळप पठारांवर उतरलेले असतात, त्यांची कुत्री मेंढ्या राखतात, सायकल बघून अंगावर येतात. पळवायची नाही. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, हळू चालत जा, मेंढपाळाला हाक मारा, तो एका शिट्टीत बोलावून घेतो.

ग्रुप चालवणाऱ्या दादा लोकांसाठी

प्रत्येक राईड रविवारी पहाटे साडेपाचला ठेवलीत तर ज्या बाईला डबे, लहान मूल, सासू-सासऱ्यांचा चहा हे सगळं बघायचंय ती येणारच नाही, आणि मग "आम्ही बोलावतो पण बायका येत नाहीत" हे म्हणणं बरोबर नाही. महिन्यातून एक राईड शनिवारी दुपारी चारला ठेवा, दीड तासाची. एखादी लहान गोल वाट ठेवा जिथे नवरा-बायको पाळीपाळीने चालवतील आणि एकजण मुलाला सांभाळेल, मी अशा राईड पाहिल्यात, फार छान होतात. लीडर म्हणून बायकांना पुढे करा, फक्त महिला दिनाच्या गुलाबी टीशर्टवाल्या राईडला नाही, एरवीच्या राईडलाही. स्पर्धा घेत असाल तर महिलांचा गट, बक्षीस, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ बाथरूम हे पोस्टरवरच लिहा. कोणी त्रास दिल्याची तक्रार आली तर कोणाकडे करायची ते नाव आणि नंबर ग्रुपच्या माहितीतच असू दे, आणि तक्रार आली की "तो तसा नाहीये गं" म्हणून सुरुवात करू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

घरच्यांचं मात्र माझ्याकडे एकच सांगण्यासारखं आहे. परवानगी मागण्यापेक्षा वेळ वाटून घ्या: बुधवारी तू पोहायला जातोस, शनिवारी मी सायकलला जाणार, मुलं तुझ्याकडे. ठरलेला वार असला की दर आठवड्याला भांडावं लागत नाही.

पायरी ७: पंक्चर स्वतः काढा

हे शिकलात की एकटीने जायची मोकळीक मिळते. घरी पंखा लावून, चहा घेऊन बसा आणि मागचं चाक काढून परत लावा, आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्यायची म्हणजे चाक सहज निघतं. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, आपल्याकडे बाभळीचा काटा आत राहतो आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूब जाते. पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या चपट्या पट्ट्या), छोटा पंप, मल्टिटूल आणि चेनची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, ती तुमच्या चेनच्या स्पीडची, म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्याची, असली पाहिजे, नऊची अकराला चालत नाही. वाटेत पंक्चर झालं आणि चार हात पुढे आले तर पंप धरायला द्या, चाक आपल्याच हातात ठेवा. आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो तो, सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो किंवा तुटतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि नंतर शोधत आठवडे जातात, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या.